इलेक्ट्रॉनची पकड आणि तिचा भाजक

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी स्टेशनालगत शाहूपुरीची पेठ वसवली. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले. शाहूपुरीत दुकाने, लॉज आणि त्यांच्या पाट्या राहिल्या. एलईडी येण्यापूर्वी अशा पेठांतल्या लाल, तेजस्वी पाट्यांच्या नळ्यांत खरा निऑन वायू असे, आणि प्रस्तुत विवेचनाला त्या नळीपासूनच सुरुवात करणे सोयीचे आहे.

नळीच्या दोन टोकांना काही हजार व्होल्टचा दाब असतो. निऑनचा धन आयन ऋण टोकाकडे ओढला जातो. वाटेत त्याला निऑनचे उदासीन अणू भेटतात. अशा भेटीत पुष्कळदा आयन त्या अणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि स्वतः उदासीन होतो. ज्याचा इलेक्ट्रॉन गेला तो, जवळजवळ स्थिर असलेला अणू आता आयन ठरतो आणि शून्य वेगापासून पुन्हा निघतो. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असल्यामुळे या व्यवहारात ऊर्जेचा फरक पडत नाही. म्हणून तो फार सहज घडतो, आणि परिणामी निऑनचा आयन निऑनमध्ये अपेक्षेपेक्षा बराच हळू सरकतो.

म्हणजे आयनाची चाल मोजली की इलेक्ट्रॉनची पकड मोजता यावी. तत्त्वतः हे खरे आहे, पण या मार्गावर एक प्रसिद्ध घोटाळा झाला. ब्रिस्टलचे टिंडल आणि पॉवेल यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी हेलियम वायूत आयनांची गतिशीलता मोजली, तेव्हा ती प्रति व्होल्ट-सेकंद सुमारे २१ चौ. सेंमी. आली. (हेच सेसिल पॉवेल, ज्यांना पुढे १९५० चे नोबेल मिळाले.) १९३४ मध्ये मॅसी आणि मोर यांनी पुंजसिद्धांताने पकडीसकट गणित मांडले, उत्तर आले जवळजवळ निम्मे. प्रयोग नेटका होता आणि गणितही चुकीचे नव्हते. विसंगती सुटायला १९५१ उजाडावे लागले. बेल प्रयोगशाळेत हॉर्नबेक यांनी दाखवले की अणुरूप हेलियम आयनाची गतिशीलता ११ च्या आसपासच आहे. आधी मोजला गेलेला आयन दोन हेलियम अणूंनी मिळून बनलेला रेणू-आयन होता. त्याला आजूबाजूच्या एकेकट्या अणूंशी असा सहज व्यवहार करता येत नाही, म्हणून तो वेगाने पळतो.

या विषयातला मुख्य मुद्दा इथेच आहे. किती इलेक्ट्रॉन पकडले गेले हा अपूर्णांकाचा अंश. तो मोजणे तुलनेने सोपे असते. कोणत्या आयनाने, कोणत्या अवस्थेत, किती अणूंमधून जाताना ते पकडले हा भाजक. अडतीच्या दुकानात विकलेले गुळाचे रवे बिलावर मोजता येतात, पण गाडीतून किती आणि कोणत्या प्रतीचे उतरले ते ठाऊक नसेल तर विक्रीचे प्रमाण काढता येत नाही. पकडीच्या मोजमापाचा शंभर वर्षांचा इतिहास मुख्यतः भाजक सुधारण्याचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

काटछेद

पकडीची शक्यता ‘काटछेद’ या राशीने सांगतात. अणूभोवती एका क्षेत्रफळाची चकती कल्पावी. आयन तिच्यातून गेला तर पकड झाली, बाहेरून गेला तर नाही. हे क्षेत्रफळ मोजायला चौरस अँगस्ट्रॉम हे माप सोयीचे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग, साधारण अणूच्या त्रिज्येच्या आसपासचे अंतर.

एक किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या प्रोटॉनने हायड्रोजन अणूतला इलेक्ट्रॉन घेण्याचा काटछेद दहा चौरस अँगस्ट्रॉमहून अधिक आहे. प्रोटॉनची ऊर्जा २५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट झाली की त्याचा वेग सेकंदाला सुमारे २,१९० किलोमीटर होतो, आणि हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा स्वतःचा वेगही तेवढाच आहे. या ठिकाणापलीकडे पकड कोसळते. अतिवेगी आयनांसाठी ती वेगाच्या अकराव्या ते बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे वेग दुप्पट झाला की दोन ते चार हजार पटींनी कमी. कारण असे की इलेक्ट्रॉनला धावत्या आयनाबरोबर जायचे तर त्याने एकदम तेवढा वेग घेतला पाहिजे, आणि अणूत इतक्या वेगाचा इलेक्ट्रॉन क्वचितच सापडतो.

मंद पण अनेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनांची गोष्ट उलट. त्यांचा काटछेद ढोबळमानाने जितके प्रभार तितके दहा चौरस अँगस्ट्रॉम. आयन दुरूनच अणूतला इलेक्ट्रॉन ओढतो, तो वरच्या कक्षेत बसतो आणि खाली उतरताना प्रकाश किंवा क्ष-किरण देतो. १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतूकडून क्ष-किरण येताना रोसॅट उपग्रहाला दिसले, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ चकित झाले होते. बर्फाचा गोळा क्ष-किरण कसे देईल? पुढच्या वर्षी क्रेव्हन्स यांनी उलगडा केला. सौर वाऱ्यातले कार्बन-ऑक्सिजनचे अतिप्रभारित आयन धूमकेतूच्या वायूतून इलेक्ट्रॉन उचलतात, आणि ते किरण त्या पकडीचे.

शलाका, वायुकक्ष आणि चुंबक

प्रमाणभूत प्रयोगाची रचना साधी आहे. ठरावीक ऊर्जेच्या आयनांची बारीक शलाका विरळ वायू भरलेल्या छोट्या कक्षातून पाठवायची. पकडीच्या धडकेत आयनाची दिशा बहुधा फार बदलत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन घेतलेले आणि न घेतलेले कण एकाच वाटेने बाहेर येतात. मग चुंबकीय किंवा विद्युत क्षेत्र लावायचे: ज्याचा प्रभार एकाने घटला तो कमी वळतो, उदासीन झालेला सरळ जातो. मूळ कल्पना जुनी आहे. १९२२ साली हेंडरसन यांनी अल्फा कण चुंबकाने वळवून त्यांतले काही कमी प्रभाराचे झाल्याचे दाखवले, आणि रदरफर्ड यांनी लगेच तिचा सविस्तर पाठपुरावा केला.

आकडे घालून पाहू. कक्षातला दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग ठेवला, तर दर घनसेंटिमीटरात सुमारे ३.३ लाख कोटी अणू असतात. कक्ष दहा सेंटिमीटर लांब आणि काटछेद दहा चौरस अँगस्ट्रॉम असेल, तर शंभरातले साधारण तीन आयन इलेक्ट्रॉन घेऊन बाहेर पडतील. दाब वाढवला की हे प्रमाण सरळ रेषेत वाढते, पण थोडेच. पुढे त्याच आयनाची दुसरी धडक होते, घेतलेला इलेक्ट्रॉन पुन्हा निसटू शकतो आणि रेषा वाकते. म्हणून दाब बदलत मोजण्या करायच्या आणि आलेखाचा आरंभबिंदूजवळचा उतार घ्यायचा. एकाच दाबावरची मोजणी कितीही अचूक दिसली तरी तिच्यावर विसंबू नये.

कक्ष रिकामा असतानाही काही आयन इलेक्ट्रॉन घेतात, कारण नळीतले निर्वात पूर्ण नसते. पाच मीटर वाटेवर मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाइतका दाब उरला असला तरी त्या वाटेवर कक्षातल्या वायूच्या विसाव्या हिश्श्याइतके अणू असतात. म्हणून वायूसह आणि वायूविना अशा दोन्ही मोजण्या हव्यात आणि वजाबाकीही. काटछेद लहान असेल तर ही वजाबाकीच सगळा प्रयोग खाऊन टाकते.

भाजक कुठे बिघडतो

वायूचा दाब हे पहिले संशयास्पद ठिकाण. आयनीकरण दाबमापी नायट्रोजनसाठी जुळवलेला असतो. हेलियमसाठी तो खऱ्या दाबाच्या पाचव्या भागाहूनही कमी दाखवतो. धारित्र दाबमापी वायूच्या जातीवर अवलंबून नाही, पण त्याचे डोके सहसा ४५ अंशांना तापवलेले असते आणि कक्ष खोलीच्या तापमानाला. इतक्या विरळ वायूत दाबांचे गुणोत्तर तापमानांच्या वर्गमुळांप्रमाणे बदलते, आणि नुसत्या या कारणाने तीन टक्क्यांची चूक होते. ती दुरुस्त करता येते. करायची आठवण मात्र राहिली पाहिजे.

जुन्या मापनांत पाऱ्याचा मॅक्लिऑड दाबमापी वापरत. त्यातून पाऱ्याची वाफ थंड सापळ्याकडे सतत वाहत असते आणि वाटेतला वायू सोबत ओढते, त्यामुळे दाबमापी खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतो. १९६१ मध्ये इशी आणि नाकायामा यांनी ही चूक नीट मोजून दाखवली. वायू जड असेल तेवढी ती मोठी. भाजक कमी धरला की उत्तर फुगते. म्हणजे त्याआधीचे झेनॉनसारख्या वायूंचे कित्येक काटछेद वाजवीपेक्षा मोठे छापले गेले असणार. १९५८ मध्ये अ‍ॅलिसन यांनी केलेला हायड्रोजन-हेलियमच्या प्रभारबदलांचा मोठा आढावा आजही वाचनीय आहे, पण त्यातली जुनी कोष्टके वाचताना दाब कशाने मोजला हे आधी पाहावे.

लक्ष्य अणुरूप हायड्रोजनचे हवे असेल तर अडचण वेगळी. तो बाटलीत मिळत नाही; टंगस्टनची नळी अडीच हजार केल्व्हिनच्या आसपास तापवून तिच्यात रेणू फोडावे लागतात, आणि मग किती फुटले हा स्वतंत्र प्रश्न उभा राहतो.

सर्वांत फसवा शत्रू आयनाच्या आत असतो. ऑक्सिजनचा एकप्रभारी आयन विद्युत्-विसर्जनातून काढला की त्यातले काही मूळ अवस्थेत असतात, काही ३.३ किंवा ५.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट वरच्या अर्धस्थायी अवस्थांत. प्रयोगशाळेतला प्रवास मायक्रोसेकंदांचा आणि या अवस्थांचे आयुष्य त्यापुढे प्रचंड, त्यामुळे त्या वाटेत विझत नाहीत. चुंबकाला त्या वेगळ्या दिसत नाहीत: वस्तुमान तेच आणि प्रभारही तोच. पण नायट्रोजन रेणूला तो फरक लगेच कळतो. नायट्रोजनमधून इलेक्ट्रॉन काढायला १५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. मूळ अवस्थेतल्या ऑक्सिजन आयनाकडे १३.६ च आहेत, म्हणून मंद वेगात त्याला तो इलेक्ट्रॉन घेता येत नाही. उत्तेजित आयनाकडे किमान १६.९ आहेत, त्याला तो मिळतो. १९६८ मध्ये टर्नर, रदरफर्ड आणि कॉम्प्टन यांनी (हे रदरफर्ड वेगळे) शलाकेवर असेच गाळण वायू वापरले. वायू वाढवत गेले की शलाका आधी झपाट्याने आणि मग संथपणे क्षीण होते. दोन उतार म्हणजे दोन अवस्था. भाजकाची फोड करण्यासाठी पकडीचाच उपयोग केलेला हा प्रयोग मला या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो.

कुलाब्याची पद्धत

आपल्याकडे वेगवान, जड आयनांवरचे काम मुख्यतः मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था यांचा १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. यंत्र मजेशीर आहे. ऋण आयन वरच्या धन टोकाकडे ओढायचे, तिथे पातळ कार्बन पापुद्र्यातून नेऊन त्यांचे इलेक्ट्रॉन खरवडायचे, आणि आता धन झालेल्या आयनांना त्याच दाबाने पुन्हा पुढे ढकलायचे. टोकावर प्रभार नेणारा पट्टा नसून धातूच्या गोळ्यांची साखळी असते. नाव तिच्यावरूनच पडले. पुढे २००७ मध्ये त्याला अतिवाहक रेषीय वेगवर्धक जोडला गेला. मंद, अतिप्रभारित आयनांसाठी संस्थेत १४.५ गिगाहर्ट्झ सूक्ष्मतरंगांवर चालणारा वेगळा आयनस्रोतही आहे.

१९९०च्या दशकात लोकेश त्रिबेदी, के. जी. प्रसाद आणि पी. एन. टंडन यांनी इथे आतल्या कवचातून आतल्या कवचात होणारी पकड मोजली. वेगवान आयनाच्या सर्वांत आतल्या, म्हणजे के-कवचात जागा रिकामी असेल तर तो लक्ष्याच्या के-कवचातला इलेक्ट्रॉन थेट उचलतो. अशा पकडी बाकीच्या गर्दीतून वेगळ्या कशा काढायच्या? आयनाचा प्रभार मोजून ते होत नाही, कारण कोणत्या कवचातला इलेक्ट्रॉन आला हे प्रभार सांगत नाही. उपाय असा की लक्ष्याकडून येणारे के-क्ष-किरण मोजायचे. लक्ष्याच्या आतल्या कवचात पोकळी पडली की ती भरताना क्ष-किरण निघतो. के-कवच भरलेला आयन आदळला तर पोकळी फक्त इलेक्ट्रॉन बाहेर उडाल्याने पडते. के-कवच रिकामे असेल तर पकडीनेही पडते. दोन्ही मोजण्यांतला फरक म्हणजे पकड.

या वजाबाकीत एक उपजत पडताळा आहे. के-कवचात एक जागा रिकामी असताना जितकी वाढ दिसते, दोन्ही रिकाम्या असताना तिच्या साधारण दुप्पट दिसली पाहिजे. तशी न दिसली तर कुठेतरी गफलत आहे. आणि गफलतीला जागाही भरपूर. घन पापुद्र्यात शिरताच आयनाचा प्रभार बदलू लागतो, म्हणून दर चौरस सेंटिमीटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या पातळ लक्ष्यांवर मोजून शून्य जाडीपर्यंत आलेख मागे न्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पोकळीतून क्ष-किरण निघत नाही. आर्गॉनमध्ये शंभरातल्या बाराच्या आसपास, बाकीच्या वेळी दुसरा इलेक्ट्रॉन उडतो. त्यातही, धडकेत बाहेरची कवचे विस्कटली असतील तर हे प्रमाणही बदलते.

मागे ढकललेला आयन

दुसरा मार्ग लक्ष्याकडे पाहण्याचा. इलेक्ट्रॉन गमावलेला लक्ष्याचा अणू आता आयन असतो. त्याला सौम्य विद्युत क्षेत्राने ओढून संवेदकावर आणायचे आणि किती वेळ लागला ते पाहायचे. वेळेवरून प्रभार कळतो. प्रक्षेपित आयनाचा बदललेला प्रभार आणि हा धक्का खाल्लेला आयन एकाच क्षणी नोंदले गेले तरच घटना धरायची, म्हणजे नुसते इलेक्ट्रॉन उडणे आणि पकड वेगळी करता येते. थंड वायूच्या झोतावर ही पद्धत फ्रँकफर्टला १९९०च्या दशकात इतकी सूक्ष्म झाली की त्या आयनाच्या संवेगावरून इलेक्ट्रॉन कोणत्या पातळीत जाऊन बसला तेही वाचता येऊ लागले.

पकडीच्या कोनावरून तिची यंत्रणाही कळते. १९२७ मध्ये एल. एच. थॉमस यांनी म्हटले होते की अतिवेगी प्रोटॉन इलेक्ट्रॉनला दोन टप्प्यांत, आधी स्वतः आणि मग केंद्रकावर आपटवून, आपल्या दिशेला वळवू शकतो. मग प्रोटॉन ०.४७ मिलिरेडियन वळला पाहिजे. तो उंचवटा १९८३ मध्ये डेन्मार्कच्या आरहूसला हॉर्सडाल-पेडरसन, कॉक आणि स्टॉकली यांना खरोखर त्याच कोनाशी सापडला.

कोल्हापूरच्या माथ्यावर

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे. १९९९ पासून तिथे १.९८ मेगाहर्ट्झचे रडार चालले, आणि त्याबरोबर रात्रीच्या आकाशाची मंद वायुदीप्ती मोजणारी प्रकाशमापके आणि सर्वाकाश कॅमेराही. वर्षा ऋतूत हे काम बंद, अमावस्येच्या आसपासच्या कोरड्या रात्री कामाच्या. त्यांतली ६३०.० नॅनोमीटरची लाल रेषा म्हणजे पकडीचे आकाशातले मोजमाप.

सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवर रात्री ऑक्सिजनचे अणुरूप आयन भरपूर असतात, पण ते एकटे इलेक्ट्रॉनांशी जुळायला फार वेळ घेतात. त्यांच्यातला एखादा ऑक्सिजन रेणूचा इलेक्ट्रॉन घेतो. रेणू आयन होतो. हा रेणू-आयन काही सेकंदांत मोकळ्या इलेक्ट्रॉनशी जुळून फुटतो आणि एक अणू उत्तेजित सोडतो, जो दीड-दोन मिनिटांनी लाल प्रकाश देतो. साखळीतला संथ दुवा पकडीचा; त्याला कित्येक मिनिटे लागतात. नायट्रोजनही अणुआयन गिळतो, पण तिथे इलेक्ट्रॉनची पकड होत नाही, अणूंची अदलाबदल होते, आणि त्यातून हा लाल प्रकाश निघत नाही.

या पकडीचा दर १९६०च्या दशकात बोल्डरला फर्ग्युसन, फेसेनफेल्ड आणि श्मेल्टेकॉफ यांनी वाहत्या हेलियमच्या नळीत मोजला. खोलीच्या तापमानाला आयन आणि रेणू यांच्या साधारण ४५ निकट भेटींमागे एकच यशस्वी होते. निऑनच्या नळीतल्या सहज व्यवहाराशी याचा मेळ नाही, कारण इथे १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट शिल्लक उरतात आणि ते रेणूच्या कंपनांत बसवावे लागतात. आणखी गंमत म्हणजे तापमान वाढले की हा दर घटतो. ९०० केल्व्हिनला तो ३०० केल्व्हिनच्या सुमारे दोन-तृतीयांशच राहतो. आकाशातला थर गरम, प्रयोगशाळा थंड. दर जसाच्या तसा उचलला तर हिशेब चुकतो.

प्रयोगशाळेत छळणाऱ्या अर्धस्थायी ऑक्सिजन आयनांचा त्रास मात्र इथे नाही. सूर्य मावळला की नवे बनत नाहीत आणि आहेत ते नायट्रोजनकडून इलेक्ट्रॉन घेऊन लवकरच संपतात. बोल्डरच्या नळीपेक्षा कोल्हापूरची रात्र या बाबतीत शुद्ध आहे. नाही तो दाबमापी. त्या उंचीवर ऑक्सिजन रेणूंची संख्या दर पंचवीस किलोमीटरला जवळजवळ एक-तृतीयांश होते. आयनांचा थर तेवढा वर सरकला की एकही आयन कमी न होता लाल प्रकाश मंदावतो. त्यामुळे चित्रातला काळा पट्टा आयनांच्या तुटवड्याचा, म्हणजे विषुववृत्तीय प्लाझ्मा-बुडबुड्याचा, की नुसता थर वर गेल्याचा, हे एकाच रेषेवरून सांगता येत नाही. शहराच्या उजेडाची भर वेगळीच: निऑनची एक रेषा ६३०.५ नॅनोमीटरला आहे, आणि एक-दोन नॅनोमीटर रुंदीचा गाळक ती पूर्ण अडवू शकत नाही.

तोडगा दुसऱ्या रेषेत आहे. ऑक्सिजनचा अणुआयन थेट इलेक्ट्रॉनशी जुळताना ७७७.४ नॅनोमीटरचा प्रकाश देतो. त्यात रेणूचा संबंध नसतो, केवळ आयनांची घनता असते. १९७५ मध्ये टिन्सली आणि बिटेनकोर्ट यांनी दाखवले की अशी रेषा आणि ६३०.० यांच्या तेजांवरून थराची कमाल घनता आणि उंची दोन्ही काढता येतात. ७७७.४ आयनांचा हिशेब देते, ६३०.० पकडींचा, आणि दोहोंच्या भागाकारातून त्या थराला किती रेणू भेटले ते निघते. कोल्हापूरच्या कॅमेऱ्यात दोन्ही रेषांचे गाळक आलटून पालटून येतात. भागाकार करताना पकडीचा दर मात्र त्या रात्रीच्या, त्या उंचीवरच्या तापमानाला घालावा लागतो, आणि तो जमिनीवरच्या नळ्यांतूनच यावा लागतो.